इम्प्लांटवर कॅप कशी बसवतात आणि स्क्रू की सिमेंट हे कसे ठरवावे

दात काढून त्या जागी इम्प्लांट बसवला, हाड भरून येईपर्यंत काही महिने थांबलो, आता कॅप बसली की काम संपले, असे बहुतेक रुग्णांना वाटते. त्यात त्यांचा दोष नाही, कारण शस्त्रक्रियेबद्दल त्यांना भरपूर सांगितले जाते, पण ती कॅप इम्प्लांटला नेमकी कशाने धरून राहणार आहे याविषयी क्वचितच कोणी बोलते. प्रत्यक्षात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रुग्ण ज्या तक्रारी घेऊन परत येतात, त्यांतल्या पुष्कळशा या जोडापाशी सुरू होतात: कॅप हलू लागणे, तिच्याभोवतीची हिरडी सुजणे, पोर्सिलेनचा टवका उडणे. म्हणून पद्धत निवडताना मी एक प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांच्या वर ठेवतो. उद्या काही बिघडले, तर ही कॅप न फोडता काढता येईल का?

तीन भाग आणि दोन जोड

हाडात बसतो तो आटे पाडलेला टायटॅनियमचा लहानसा दांडा म्हणजे इम्प्लांट. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा खुंटीसारखा भाग म्हणजे अबटमेंट, आणि त्या खुंटीवर दिसणारा दात म्हणजे क्राउन, ज्याला आपल्याकडे सगळे कॅपच म्हणतात. तीन भाग म्हटले की जोड दोन आले. पहिला जोड इम्प्लांट आणि अबटमेंट यांच्यातला असून तो जवळजवळ नेहमी एका बारीक स्क्रूने केलेला असतो. पद्धतींचा सगळा वाद आहे तो दुसऱ्या जोडाचा. अबटमेंट आधी स्क्रूने घट्ट करून त्यावर कॅप सिमेंटने चिकटवली, तर ती सिमेंटची पद्धत झाली. कॅप आणि अबटमेंट प्रयोगशाळेतच एकजीव करून कॅपला ठेवलेल्या भोकातून एकाच स्क्रूने सगळे इम्प्लांटला आवळले, तर ती स्क्रूची पद्धत झाली. म्हणजे ‘सिमेंटची कॅप’ असलेल्या रुग्णाच्या तोंडातही स्क्रू असतोच, फक्त तो कॅपखाली झाकलेला असतो. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बरेचसे आपोआप कळते.

इतिहासात स्क्रू आधी आला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले आणि लार्सन यांनी २००६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते वापरले. ब्रोनेमार्क यांची मूळ रचना दात पूर्ण गेलेल्या जबड्यासाठी होती. चार-सहा इम्प्लांटवर अख्खी कवळी स्क्रूने आवळायची आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरने ती खोलून साफ करायची, अशी ती कल्पना. पुढे एकेका दातासाठी इम्प्लांट वापरले जाऊ लागल्यावर कॅपवरचे भोक डोळ्यांना खुपू लागले, आणि नैसर्गिक दातावर कॅप चिकटवण्याची सवय असलेल्या डॉक्टरांना सिमेंटच सोयीचे वाटले. १९९० च्या दशकात सिमेंटचा वापर खूप वाढला, आणि नंतर हिरडीच्या तक्रारी समोर येऊ लागल्यावर अनेकजण पुन्हा स्क्रूकडे वळले.

पहिली पायरी: भोक कुठे येणार ते शस्त्रक्रियेपूर्वी ठरवणे

निवड कॅपच्या वेळी होत नाही, ती इम्प्लांट हाडात कोणत्या कोनात जातो तिथेच अर्धी होऊन गेलेली असते. इम्प्लांटच्या मध्यातून एक सरळ रेषा वर काढली, तर ती कॅपच्या ज्या ठिकाणातून बाहेर पडेल तिथे स्क्रूचे भोक येते. दाढेच्या बाबतीत ती रेषा चावण्याच्या पृष्ठभागाच्या मध्यावर यावी, आणि समोरच्या दाताच्या बाबतीत जिभेच्या बाजूच्या उंचवट्यावर, म्हणजे बाहेरून दिसणार नाही अशा जागी. खालच्या दाढांसाठी हे सहसा जमते. वरच्या समोरच्या दातांपाशी मात्र हाड स्वाभाविकपणेच ओठाच्या दिशेने कललेले असते, त्यामुळे हाडाच्या सोयीने इम्प्लांट टाकला की रेषा नेमकी दाताच्या दर्शनी भागातून बाहेर येते आणि सरळ स्क्रूचा पर्याय तिथेच संपतो.

यावर उपाय म्हणजे आधी दाताचा आराखडा आणि मग हाडातले भोक. जबड्याचा त्रिमितीय स्कॅन घेऊन संगणकावर होणाऱ्या दाताची जागा ठरवायची, त्या दाताला सोयीची रेषा काढायची आणि जमल्यास त्यानुसार ड्रिलला दिशा देणारा गाइड छापून घ्यायचा. रुग्णाने या टप्प्यावर डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न साधा आहे: “कॅपवर स्क्रूचे भोक कुठे येईल?” उत्तर ठाम मिळाले, तर समोरच्या माणसाने शेवटापासून मागे विचार केला आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी: माप आणि तोंडातली चाचणी

इम्प्लांट हाडाशी एकजीव झाल्यावर हिरडीतून वर डोकावणारी हीलिंग कॅप (हिरडीला आकार देणारी तात्पुरती टोपी) बसवतात, किंवा ती शस्त्रक्रियेच्या दिवशीच बसवलेली असते. तिच्याभोवती हिरडीला दाताच्या मुळासारखा आकार आला की माप घेतात. माप जुन्या पद्धतीने लगद्यात घेतले जाते, किंवा इम्प्लांटवर छोटा खांब लावून तोंडातल्या कॅमेऱ्याने स्कॅन केला जातो. इम्प्लांटचा अचूक कोन आणि फिरकी लॅबपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे, मार्ग कोणताही चालेल.

तयार कॅप आली की ती कायमची बसवण्यापूर्वी ठरलेल्या क्रमाने तपासायची असते, आणि घाईचे बहुतेक तोटे इथेच होतात. आधी शेजारच्या दातांशी स्पर्श पाहतात: फ्लॉसचा दोरा थोडा अडून आत गेला पाहिजे, अजिबात गेला नाही तरी वाईट आणि सहज घसरला तरी वाईट. कॅपच्या दाबाने हिरडी पांढरी पडते, पण पाच-दहा मिनिटांत तिचा रंग परत आला पाहिजे. मग एक्स-रे. अबटमेंट आणि इम्प्लांट यांच्यामध्ये काळी फट दिसली, तर भाग नीट बसलेलाच नाही. हिरडीचा तुकडा मध्ये अडकला असेल किंवा शेजारचा स्पर्श अति घट्ट असेल. ती फट तशीच ठेवून स्क्रू आवळला तर तो सैल होणार हे ठरलेले आहे.

शेवटी चावा. नैसर्गिक दात हाडात तंतूंच्या गादीवर टेकलेला असतो आणि जोरात चावले की किंचित दबतो. इम्प्लांटला ती गादी नाही, तो हाडालाच चिकटलेला असतो. म्हणून हलके चावताना इम्प्लांटच्या कॅपवर भार येऊ नये आणि जोरात चावतानाच तो यावा, अशी घासून जुळवणी करतात. त्यासाठी ८ मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी दातांमध्ये धरतात. हलक्या चाव्यात ती ओढून निघाली पाहिजे आणि जोराच्या चाव्यात अडकली पाहिजे. “कॅप जरा खाली वाटते” अशी तक्रार पहिल्या दिवशी रुग्ण करतो तेव्हा बऱ्याचदा ही योजनाच असते.

स्क्रूने बसवताना

लॅबमध्ये वारंवार फिरवलेला स्क्रू बाजूला ठेवून तोंडासाठी नवा स्क्रू घेतात. भाग साफ करून कॅप इम्प्लांटवर नेतात, खाचा जुळल्या की स्क्रू आधी हाताने बसवतात आणि मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक ताकदीने आवळणारा पाना, लावतात. हा हातोटीचा नव्हे तर आकड्याचा विषय आहे. बऱ्याच कंपन्यांच्या अबटमेंट स्क्रूसाठी ३५ न्यूटन-सेंटिमीटर आणि अबटमेंटवरच्या लहान स्क्रूसाठी १५ न्यूटन-सेंटिमीटर असे आकडे आढळतात, पण त्या-त्या कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा हाच प्रमाण मानायचा. नुसत्या बोटांच्या ताकदीने एवढा ताण येत नाही. योग्य ताणाने आवळलेला स्क्रू स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. आवळल्यानंतर धातूचे सूक्ष्म उंचवटे दबून हा ताण थोडा उतरतो, म्हणून साधारण दहा मिनिटे थांबून त्याच आकड्याला पुन्हा एकदा आवळणे ही चांगली सवय आहे. छोटा स्क्रूड्रायव्हर घशात जाऊ नये म्हणून त्याला दोरा बांधलेला दिसला, तर ते काळजीचे लक्षण समजावे.

यानंतर भोकात टेफ्लॉनची पट्टी दाबून भरतात. नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो त्याच जातीची ही पट्टी असते, फक्त निर्जंतुक केलेली. पूर्वी इथे कापूस भरत असत आणि काही वर्षांनी तो काढताना जो वास येई, तो ज्यांनी अनुभवला ते पुन्हा कापसाकडे जात नाहीत. टेफ्लॉनवर कंपोझिट (दाताच्या रंगाचा भरण्याचा मसाला) भरून चावा पुन्हा तपासला की काम झाले. पुढे कधी कॅप काढायची झाली तर कंपोझिट खरवडायचे, टेफ्लॉन चिमट्याने ओढायचे, स्क्रू उलटा फिरवायचा आणि कॅप अखंड हातात येते.

या पद्धतीचे तोटेही आहेत. भोकाभोवतीचे पोर्सिलेन थोडे कमजोर राहते, त्यामुळे तिथे टवका उडण्याची शक्यता वाढते. कंपोझिट झिजते आणि अधूनमधून बदलावे लागते. स्क्रू सैल होऊ शकतो. यातली एकही गोष्ट हाड किंवा हिरडीला फार इजा करत नाही, आणि सगळ्यांची दुरुस्ती एका बैठकीत होते, हे मात्र तितकेच खरे.

सिमेंटने बसवताना

सिमेंटच्या कॅपला भोक नसते, चावण्याचा पृष्ठभाग अखंड असतो, इम्प्लांट थोडा तिरका असला तरी अबटमेंटचा कोन बदलून दात सरळ दिसतो, आणि कॅप व अबटमेंट यांच्यातला सिमेंटचा पातळ थर मापातली बारीकशी चूक पोटात घेतो. हे फायदे खरे आहेत. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे: कॅप दाबून बसवताना जादा सिमेंट कडेने बाहेर येते आणि त्यातले काही हिरडीखाली उतरते.

नैसर्गिक दाताभोवती हिरडीचे तंतू दाताच्या मुळात आडवे घुसलेले असतात आणि एखाद्या बंधाऱ्यासारखे खाली काही उतरू देत नाहीत. अबटमेंटभोवती हे तंतू धातूत शिरत नाहीत, नुसते त्याला लागून उभे किंवा गोलाकार असतात, म्हणून सिमेंट सहज खोल जाते. कॅपची कड हिरडीखाली जितकी खोल, तितके मागे राहणारे सिमेंट जास्त. एक्स-रेवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण इम्प्लांटच्या डाव्या-उजव्या कडेचे सिमेंट दिसले तरी गालाच्या आणि जिभेच्या बाजूचे धातूच्या सावलीत लपते, आणि काही सिमेंट तर एक्स-रेत उमटतच नाहीत. तांदळाच्या कणीएवढा तुकडा हिरडीला वर्षानुवर्षे चिडवत ठेवू शकतो. अमेरिकेतील हिरडीतज्ज्ञ थॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूक्ष्म एंडोस्कोपने हिरडीच्या आत पाहिले. त्यांच्या पाहणीत आजाराची लक्षणे असलेल्या इम्प्लांटपैकी ८१ टक्के ठिकाणी जादा सिमेंट सापडले आणि ते काढल्यावर त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ठिकाणची लक्षणे नाहीशी झाली. काही इम्प्लांटभोवती त्रास चार महिन्यांत दिसला होता, तर काहींभोवती नऊ वर्षांहून जास्त काळाने. कॅप बसवून वर्ष झाले आणि काही झाले नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही, ते यासाठी.

म्हणून सिमेंटच वापरायचे असेल, तर पायऱ्या काटेकोर हव्यात. कॅपची कड हिरडीच्या पातळीला किंवा फार तर तिच्याखाली एक मिलिमीटरपर्यंत ठेवावी. त्यासाठी तयार मापाच्या अबटमेंटपेक्षा रुग्णाच्या हिरडीच्या उंचसखल रेषेप्रमाणे घडवलेले अबटमेंट अधिक चांगले. खुंटीची उंची निदान चार मिलिमीटर नसेल तर सिमेंटची पकड पुरेशी राहत नाही, त्यामुळे वर-खाली जागा कमी असलेल्या तोंडात हा पर्याय मुळातच बाद होतो. बसवण्याच्या दिवशी अबटमेंटचा स्क्रू ठरलेल्या ताणाने आवळून त्याच्या डोक्यावर टेफ्लॉन दाबतात, हिरडीत बारीक दोरा बसवतात आणि मग सिमेंट घेतात, तेही अगदी थोडे. कॅप काठोकाठ भरणे ही नैसर्गिक दातावरची सवय इथे नडते. एक उपयुक्त युक्ती अशी की, कॅपच्या आतल्या आकाराची रबरी खुंटी आधी बनवून ठेवायची, सिमेंट लावलेली कॅप तोंडाबाहेर त्या खुंटीवर एकदा दाबून जादा सिमेंट तिथेच बाहेर काढायचे आणि मग आत उरलेल्या पातळ थरासह कॅप तोंडात बसवायची. सिमेंट घट्ट झाल्यावर प्लास्टिक किंवा टायटॅनियमच्या हत्याराने कड साफ करून, फ्लॉस फिरवून, दोरा काढून एक्स-रे घेतात. दोरा काढताना त्याच्यासोबत सिमेंटचे कण बाहेर येतात, आणि ते पाहिल्यावर हा खटाटोप कशासाठी ते रुग्णालाही पटते.

सिमेंट कोणते, हाही निवडीचाच भाग आहे. तात्पुरत्या जातीचे, जस्तयुक्त सिमेंट पकडीला हलके असते, एक्स-रेत दिसते आणि पुढे कॅप ठोकून काढता येण्याची आशा ठेवते. रेझिन सिमेंट फार घट्ट धरते, आणि मग आतला स्क्रू सैल झाला की कॅपला छिद्र पाडल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. हलणारी कॅप आणि न निघणारे सिमेंट हा योग डॉक्टरला नकोसा वाटतो, कारण छिद्र नेमके कुठे पाडायचे हे आतला स्क्रू न दिसता ठरवावे लागते. सिमेंटची कॅप बसवणाऱ्या डॉक्टरने अबटमेंटचा वरून घेतलेला फोटो नोंदीत ठेवला, तर हे काम निम्मे सोपे होते.

दोन्हींची सांगड

आज लॅबमधून येणाऱ्या बऱ्याच झिरकोनियाच्या (दाताच्या रंगाच्या कणखर सिरॅमिकच्या) कॅप या मधल्या मार्गाच्या असतात. टायटॅनियमचा छोटा पाया इम्प्लांटच्या मापाचा असतो. भोक असलेली झिरकोनियाची कॅप त्या पायाला लॅबमध्ये, टेबलावर, रेझिन सिमेंटने चिकटवतात, जादा सिमेंट तिथेच पुसून पॉलिश करतात आणि तोंडात मात्र सगळे एकत्र स्क्रूनेच बसवतात. सिमेंट हिरडीखाली जाण्याचा प्रश्न उरत नाही आणि कॅप काढताही येते. माझ्या मते दाढांसाठी आज हाच पहिला पर्याय असावा. क्वचित कॅप पायावरून सुटते, पण ती पुन्हा चिकटवता येते.

समोरच्या दाताचा इम्प्लांट थोडा तिरका असेल, तर वळणदार भोकाचा पर्याय आहे. कॅपमधला मार्ग सुमारे २५ अंशांपर्यंत वळवतात आणि गोल टोकाच्या खास स्क्रूड्रायव्हरने स्क्रू तिरका आवळतात. कोन जितका जास्त, तितका ताण पोहोचवणे कठीण आणि भोक जास्त रुंद. त्यामुळे २५ अंश ही सोय आहे, चुकीच्या जागी टाकलेल्या इम्प्लांटवरचा इलाज नव्हे. काही मोजक्या प्रणालींमध्ये स्क्रूच नसतो. निमुळता खांब इम्प्लांटच्या निमुळत्या छिद्रात ठोकून घर्षणाने अडकवतात. अशा प्रणालीचा रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर त्यालाही ती माहीत असावी लागते.

कोणत्या तोंडाला काय

एकाच दाढेसाठी, इम्प्लांट सरळ असेल तर स्क्रू किंवा वरची सांगड. वर-खाली जागा कमी असेल तर स्क्रूच. झोपेत करकर दात खाणाऱ्या माणसासाठीही स्क्रू, कारण त्याच्या बाबतीत स्क्रू सैल होणे किंवा टवका उडणे हे कधी ना कधी होणारच असे धरून चालावे, आणि त्याला रात्रीचे गार्डही द्यावे. आधी हिरडीचा आजार होऊन गेलेला, मधुमेह ताब्यात नसलेला किंवा तंबाखू सोडू न शकणारा रुग्ण असेल, तर हिरडीखाली सिमेंटचा धोका पत्करू नये. अख्ख्या जबड्याचे दात चार किंवा सहा इम्प्लांटवर बसवायचे असतील, तर तिरके इम्प्लांट सरळ करणारी १७ किंवा ३० अंशांची अबटमेंट घेऊन त्यांवर स्क्रूनेच बसवावेत. इतका मोठा तुकडा सिमेंटने कायमचा चिकटवण्यात शहाणपण नाही.

सिमेंट कुठे राखून ठेवावे? वरच्या समोरच्या दातापाशी, जिथे रेषा दर्शनी भागातून बाहेर येते आणि वळणदार भोकानेही भागत नाही, तिथे. हिरडी पातळ आणि कड वर ठेवणे शक्य असेल तर तिथे सिमेंटची कॅप उत्तम दिसते आणि सांभाळताही येते. कॅप टिकण्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींमध्ये फार मोठे अंतर नाही. अंतर आहे ते बिघाडाच्या जातीत. स्क्रूच्या बाजूला यांत्रिक बिघाड अधिक आणि सिमेंटच्या बाजूला हाड-हिरडीचे बिघाड अधिक, आणि हाड एकदा गेले की सहसा परत येत नाही.

कॅप बसल्यानंतर

इम्प्लांटची कंपनी, प्रकार, व्यास, लांबी, अबटमेंट मूळ कंपनीचे की जुळणारे दुसरे, आणि कॅप स्क्रूची की सिमेंटची, ही माहिती लिहिलेले कार्ड किंवा डब्यावरचे स्टिकर मागून घ्यावे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. हे कागदी सोपस्कार वाटतात, पण प्रत्येक कंपनीचा स्क्रू सारख्या खाचेचा नसतो. कुठे षट्कोनी १.२५ मिलिमीटरची खाच, कुठे थोडी कमी, कुठे चांदणीसारखी. पुण्यात इम्प्लांट बसवून दुबईला किंवा न्यू जर्सीला राहायला गेलेल्या माणसाची कॅप तिथे हलू लागली, तर तिथला डॉक्टर आधी कंपनी विचारतो, आणि उत्तर नसेल तर स्क्रूड्रायव्हर शोधण्यातच दोन-तीन भेटी जातात.

कॅप हलते आहे असे वाटले तर बहुतेकदा हाडातला इम्प्लांट घट्टच असतो आणि स्क्रू सैल झालेला असतो, पण त्यावर चावत राहिल्यास स्क्रू आत तुटू शकतो आणि मग साधे काम अवघड होते. ब्रश करताना कॅपभोवती रक्त, दाबल्यावर पू, किंवा हिरडीवर वारंवार येणारी पुळी दिसली, तर केवळ प्रतिजैविके घेऊन थांबू नये. सिमेंटची कॅप असल्यास आत उरलेल्या सिमेंटचा शोध आधी घ्यायला सांगावे. आणि कॅप निघून हातात आलीच, तर घरातला झटपट चिकटणारा गोंद लावू नये. ती स्वच्छ धुऊन डबीत ठेवावी आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. स्क्रूसकट सगळे बाहेर आले असेल तर उशीर चालत नाही, कारण उघड्या इम्प्लांटवर हिरडी काही दिवसांतच मिटू लागते आणि तीच कॅप पुन्हा बसवण्यासाठी हिरडी सुन्न करून उघडावी लागते.